वरच्या वस्तीची डोकेदुखी

सिस्टर त्या गावात एकोणीस वर्षं होत्या, आणि एवढ्या काळात त्यांनी एकच चूक नेमानं केली होती. त्या लोकांना आजारी पडू देत नसत.

सकाळी आठला आरोग्य केंद्राचं कुलूप काढायचं, किल्ली मावशीच्या हवाली करायची, बीपीचं यंत्र कापडी पिशवीत टाकायचं आणि चालू लागायचं; दुपारी परतून केंद्रात बसायचं. मावशी म्हणजे केंद्राची मदतनीस; झाडण्यापासून दम देण्यापर्यंतची सगळी कामं तिच्या अखत्यारीत. सोमवारी वरची वस्ती, मंगळवारी खालची, बुधवारी नदीपलीकडची, असा सिस्टरांचा फेरा असे. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या गोठ्याच्या दारात, गिरणीतल्या पिठानं पांढऱ्या झालेल्या बाकावर बसून त्या दंडाला पट्टा गुंडाळत, फुगा दाबत, कान लावत. मीठ कमी करा म्हणत. कुणी करत नसे, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हणत. त्या दिसल्या की बायका मिठाचा डबा मागे सारायच्या, असा गावात विनोद होता. डबा मागे सारायचा तर आधी लाज वाटावी लागते, आणि ही लाज तयार करायला सिस्टरांना एकोणीस वर्षं लागली होती. एकोणीस वर्षांत गावात बाळंतपणात एकही बाई गेली नव्हती. याबद्दल त्यांना कुणी शाबासकी दिली नव्हती, कारण न घडलेल्या गोष्टीचा फोटो निघत नाही.

"माणूस आपल्या पायानं केंद्रात आला," त्या मावशीला सांगत, "म्हणजे मी कुठंतरी उशीर केला."

मग पाठबळ आलं.

पाठबळाचं पूर्ण नाव ग्रामीण आरोग्यसेवक व समाज पाठबळ अभियान. ते एका गाडीतून आलं. गाडीत साहेब होते, एक फलक होता आणि एक टॅब होता. फलकावर हसणारी नर्स होती. ती कुठल्यातरी दुसऱ्या गावातली असावी, कारण तिच्या चपला नव्या होत्या. साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी पाणी मागून घेतलं, मावशीच्या तब्येतीची चौकशी केली, आणि मग नोंदवही उघडली.

"सिस्टर, सरासरी किती तुमची?"

"कसली?"

"रुग्णांची. दिवसाला."

"केंद्रात? दहा. कधी अकरा."

दहावीला दुसऱ्यांदा बसलेल्या भाच्याचे मार्क ऐकावेत तसं साहेबांनी ऐकून घेतलं.

"चाळीस लागतात. तीन महिन्यांची सरासरी चाळीस. नाहीतर हे केंद्र शहराच्या केंद्रात विलीन."

"विलीन म्हणजे बंद?"

"बंद कशाला म्हणता? पाठबळ जिथं गरज आहे तिथं जाईल, इतकंच."

"आणि इथं गरज नाही?"

"आकडे तसं म्हणतात. अहो, तुमचं गाव आजारीच नाही!"

"साहेब, मी रोज फिरते म्हणून नाही. घरोघरी जाऊन बघते. ही बघा, घरभेटीची माझी वही."

साहेबांनी वही चाळली. एकोणीस वर्षांतली ती अकरावी वही होती. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

"फिरण्याला रकाना नाही, सिस्टर," ते म्हणाले. "केंद्रात आलेला रुग्ण, त्याचा टॅबवर फोटो, वहीत तक्रार, बीपी, औषध. एवढंच धरतात. माझं वैयक्तिक मत विचाराल तर तुम्ही खुर्चीत बसा. काम दिसलं पाहिजे."

शहर बावीस किलोमीटरवर होतं. सकाळी एक बस जायची, संध्याकाळी तीच यायची, आणि दोन्ही वेळा चालकाच्या मर्जीनं. बाळंतपण अडलेल्या बाईनं सकाळच्या बसची वाट पाहायची, असा या विलीनीकरणाचा साधा अर्थ होता. तो साहेबांना कळत नव्हता असं नाही. पण त्यालाही रकाना नव्हता.

सिस्टर खुर्चीत बसल्या. त्यांचा हिशेब सरळ होता. आपण गेलो नाही की लोक येतील. लोक आले नाहीत. सिस्टर येतील की सोमवारी, म्हणून लोक ओट्यावर वाट बघत राहिले. पहिल्या आठवड्याची सरासरी तेरा भरली, तीही दोन पोरं आंब्याच्या झाडावरून एकाच दिवशी पडली म्हणून.

आठवडा संपताना मास्तर आले. तेहेतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. आता गावात वेळापत्रक करण्याजोगं काही उरलं नाही, हे त्यांचं मोठं दुःख होतं.

"सिस्टर, मला कळलंय सगळं. गणित सोपं आहे," ते खुर्ची ओढत म्हणाले. "घरं दोनशे दहा. प्रत्येक घरानं आठवड्याला एक आजारी माणूस द्यायचा. भागिले सहा दिवस, आले पस्तीस. त्यात तुमचे दहा-अकरा मिळवा. पंचेचाळीसच्या पुढं जातो आपण."

"मास्तर, खोटे रुग्ण आणायचे?"

"खोटे कसे? माणूस खरा, फोटो खरा, अंगठा खरा. दुखणं तेवढं उसनं."

"हे बरं नाही."

"केंद्र गेलेलं बरं आहे का?"

सिस्टरांनी विरोध केला. साधारण चहा निवेपर्यंत.

मास्तरांनी दुखणी वस्तीवार वाटली. वरच्या वस्तीला डोकं, खालच्या वस्तीला कंबर, नदीपलीकडे खोकला, उरलेल्यांना पोट. निवडताना त्यांनी एकच कसोटी लावली होती: दुखणं असं हवं की ते नाही, हे कुणाला सिद्ध करता येऊ नये. डोकेदुखीचा त्यांना विशेष अभिमान होता. "डोकं म्हणजे बिनतोड," ते म्हणत. "आत डोकावून कोण बघतंय!"

आणि गाव लोटलं. ज्या गावाचं पाण्याच्या टाकीवर एकमत झालं नव्हतं, त्याचं आजारी पडण्यावर झालं. लोहार फटफटी पायरीवर चढवून लावायचा आणि मग कंबर धरून आत यायचा. एक आजी तक्रार घेऊन आली की तीन आठवडे झाले, माझी आपली कंबरच. जरा बदल म्हणून खोकला द्या. मावशीनं तिला झापलं, "वस्ती बदला, मग दुखणं बदला." पिवळ्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या सगळ्यांना मिळायच्या आणि बहुतेक गोळ्या कोंबड्यांना जायच्या. गावातल्या कोंबड्या त्या तीन महिन्यांत तुकतुकीत दिसू लागल्या.

सिस्टरांना हसू येई. खोटं कशाला बोला, त्यांना आतून बरंही वाटे. एकोणीस वर्षं आपण यांच्या दारात गेलो, आता ही माणसं आपल्यासाठी रांगेत उभी आहेत, असं काहीतरी. त्यांनी ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

अडचण एकच होती, बीपीचा रकाना. चाळीसेक माणसांचं बीपी खरोखर मोजायचं तर दिवस पुरत नाही, आणि ठणठणीत लोहाराचं मोजायचं तरी कशाला? पहिले काही दिवस त्यांनी मोजलं. मग त्या खऱ्या रुग्णांचंच मोजू लागल्या आणि बाकीच्यांपुढे एकशे वीस-ऐंशी लिहू लागल्या. सगळीकडे तेच बरं दिसणार नाही, म्हणून मधूनच एकशे अठरा, मधूनच एकशे बावीस. अक्षर मुळात सुरेख. पान बघून समाधान वाटावं असं.

अकराव्या आठवड्यात सरासरी एकोणचाळीसच्या खाली अडकली होती. सुरुवातीचे तेराचे दिवस पाय ओढत होते. मास्तरांनी घरोघर निरोप धाडला: सोमवारची पाळी असलेल्या प्रत्येक घरातून दोन. त्या सोमवारी रांग केंद्राच्या फाटकाबाहेर, रस्ता ओलांडून, समोरच्या सायकलवाल्याच्या दुकानापर्यंत गेली. मावशी दारात उभी राहून माणसं आत लोटत होती. "चला, सरका, पुढं सरका. नाव, वस्ती, दुखणं. गोष्ट सांगत बसू नका."

सव्वीस-सत्तावीस माणसं झाल्यावर गिरणीवाल्याची बायको आली. घरात तिला थोरली म्हणत, कारण दिराची बायको धाकटी होती. थोरलीला सातवा महिना होता. ती अर्धंच वाक्य बोलायची. उरलेलं समोरच्यानं ओळखून घ्यायचं. पूर्वी दर सोमवारी सिस्टर गिरणीतल्या बाकावर तिचं बीपी घेत. शेवटचं घेतलं होतं खुर्चीत बसण्याआधी. त्याला अकरा आठवडे झाले होते.

"कुठली वस्ती?" मावशीनं सवयीनं विचारलं.

"वरची."

"म्हणजे डोकं," मावशीनंच सांगून टाकलं.

"डोकंच," थोरली म्हणाली. "कालपासून दुखतंय. आणि डोळ्यांपुढं काजवे चमकल्यासारखं..."

सिस्टरांनी मान वर केली आणि त्या हसल्या. दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी डोकेदुखीत भर घातली होती.

"वा! काजवेसुद्धा! मास्तरांनी नवीन शिकवलं वाटतं?"

रांगेतली माणसं हसली. थोरलीही हसली. सगळे हसत असताना एकटीनं न हसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिचे पाय टेबलाखाली होते. ते सुजले होते का, हे टेबलाच्या या बाजूनं दिसत नव्हतं.

"पोरगी हुशार आहे हो," सिस्टर म्हणाल्या. एकशे वीस-ऐंशी लिहिलं. फोटो काढला. पिवळ्या गोळ्यांची पुडी दिली. "सावकाश जा घरी."

"सिस्टर, मी..."

"पुढं सरका," मावशी म्हणाली.

बुधवारी सकाळी अकरा वाजता टेम्पो फाटकात येऊन थांबला तेव्हा रांगेत पन्नासेक माणसं होती. टेम्पोत गिरणीवाला थोरलीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. दोघांच्याही अंगावर पीठ होतं. तिला झटके येत होते. रांग आपोआप बाजूला झाली. कंबर धरलेल्या लोहारानं कंबर सोडली आणि तिला एकट्यानं उचलून आत आणलं. सिस्टरांनी पट्टा गुंडाळला. पारा जिथं थांबला तो आकडा त्यांनी कुणाला सांगितला नाही. झटक्यांचं इंजेक्शन दिलं, टेम्पोत तिच्या शेजारी बसल्या आणि बावीस किलोमीटर तिची जीभ दाताखाली जाऊ न देता गेल्या. शहराच्या रुग्णालयात एक वाजून दहा मिनिटांनी ती गेली. बाळ त्याआधीच गेलं होतं.

मृत्यू शहरात झाला म्हणून तो शहराच्या खात्यात नोंदला गेला.

संध्याकाळी सिस्टर परतल्या तेव्हा केंद्र उघडं होतं आणि मावशी पायरीवर बसली होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"लोक थांबले होते, सिस्टर," ती म्हणाली. "जायला कुणी तयार नव्हतं. बसून तरी काय करायचं, म्हणून मीच फोटो काढून टाकले सगळ्यांचे. दिवस वाया जाऊ दिला नाही."

तीन महिन्यांची सरासरी चाळीस पूर्णांक दोन भरली.

केंद्र कायम झाल्याचं पत्र आणि चौकशीला येत असल्याचं पत्र एकाच पाकिटात आलं. टपालाची बचत. गर्भवतीचा मृत्यू झाला की चौकशी होते, तसा नियम आहे, आणि तो चांगला आहे. साहेब या वेळी टाइपिस्टला घेऊन आले. त्यांनी नोंदवही मागितली, सोमवारचं पान काढलं, बोट फिरवलं.

"हे बघा. दोन दिवस आधी तपासणी झालेली आहे. बीपी एकशे वीस-ऐंशी. उत्तम. म्हणजे जे झालं ते अचानक झालं. तुमच्याकडून काही कसूर नाही."

"मी मोजलं नव्हतं," सिस्टर म्हणाल्या.

टाइपिस्टची बोटं थांबली. साहेबांनी त्याला चहा प्यायला बाहेर पाठवलं.

"काय म्हणालात?"

"बीपी मोजलं नाही मी तिचं. नुसतं लिहिलं. ती डोकं दुखतंय म्हणाली, डोळ्यांपुढं चमकतंय म्हणाली. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या पोरीला विचारा, ती सांगेल, गरोदर बाईचं बीपी चढल्याचं लक्षण आहे हे. आणि मी तिची थट्टा केली."

"का पण?"

"त्या दिवशी वरच्या वस्तीच्या सगळ्यांचंच डोकं दुखत होतं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. मास्तरांचं नाव तेवढं घेतलं नाही. साहेब बराच वेळ वहीची पानं उलटत राहिले. सुरेख अक्षर, एकशे अठरा, एकशे वीस, एकशे बावीस.

"म्हणजे ही पण नाही? ही? हे पानभर?" ते हळू आवाजात म्हणाले. "सिस्टर, तुमच्या केंद्राचा आकडा मी वर कळवलाय. 'पाठबळामुळे चौपट प्रतिसाद' असं त्याचं टिपण झालंय. ते पुस्तिकेत येतंय. तुमचं हे मी लिहून घेतलं तर तुम्ही जाल, केंद्र जाईल, मी जाईन. आणि ती काही परत येणार नाही."

"ती येणार नाही हे मला कळतं."

"मग? तिच्या नवऱ्यानंसुद्धा जबाब दिलाय. हा वाचा." त्यांनी कागद पुढे सरकवला. *सिस्टरांनी माझ्यासमोर पत्नीचे बीपी घेतले. ते ठीक होते. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.* खाली गिरणीवाल्याची सही होती. तो सोमवारी केंद्रात आलाच नव्हता. "तुमचा जबाबही असाच टाइप होईल. तुम्ही फक्त खाली सही करायची. मी मुक्कामाला आहे शहरात. उद्या सकाळी येतो. विचार करा."

सिस्टरांनी सही केली नाही. त्या उठल्या, सवयीनं पिशवी खांद्याला लावली आणि तीन महिन्यांहून जास्त काळानं पहिल्यांदा वरच्या वस्तीचा रस्ता चालू लागल्या. गिरणीवाल्याला एकच विचारायचं होतं, की बाबा, खोटं का लिहून दिलंस?

गिरणी चालू होती. गिरणीवाल्यानं त्यांना पाहिलं आणि दळण टाकायला पाठ फिरवली. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात काही बोलताही आलं नसतं. मागच्या दारानं त्याची आई बाहेर आली.

"त्याला नका विचारू," म्हातारी म्हणाली. "मीच लिहायला लावलं. इकडं या."

तिनं सिस्टरांना ओट्यावर बसवलं. पाणी दिलं. स्वतः समोर उभीच राहिली.

"सोमवारी मीच धाडली तिला. ती म्हणत होती, पडून राहते जरा. मी म्हटलं, जा गं, सिस्टरांना माणसं कमी पडतायत. तुझं तर खरंच दुखतंय, दाखवूनही होईल. एका फेरीत दोन कामं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "काय म्हणाली तिथं? सांगितलं का तिनं नीट?"

"नीट सांगितलं," सिस्टर म्हणाल्या. "सगळं सांगितलं. मीच ऐकलं नाही."

म्हातारीनं पेला उचलून कडेला ठेवला. आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

"राग आहे माझा तुमच्यावर. लपवत नाही मी. जन्मभर राहील. पण केंद्र बंद झालं तर तो राग घेऊन मी बावीस किलोमीटर जाऊ?" तिनं दाराकडे मान केली. "धाकटीला पाचवा लागलाय. ये गं बाहेर."

धाकटी बाहेर आली आणि न सांगता बाही वर करून बसली. एकोणीस-वीसची पोर, तिला थोरलीचं झालेलं सगळं माहीत होतं, आणि ती पट्ट्याकडे बघत नव्हती. सिस्टरांनी पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, कान लावला. पारा उतरू दिला. पुन्हा घेतलं.

"एकशे दहा. सत्तर."

"खरं?" म्हातारीनं विचारलं.

एकोणीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. सिस्टरांनी कानातल्या नळ्या काढल्या, म्हातारीला खाली बसवलं आणि त्या तिच्या कानात घातल्या. फुगा तिसऱ्यांदा दाबला. "ठोका कुठं सुरू होतो बघा. तिथं पाऱ्यावर बोट ठेवा. आता थांबेल तिथं पुन्हा ठेवा." म्हातारीनं डोळे बारीक करून बोट ठेवलं, मग दुसऱ्यांदा ठेवलं. तिला आकडे वाचता येत नव्हते. तिनं मान डोलावली, नळ्या परत दिल्या आणि उठून आत गेली. जाताना बसा म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"सिस्टर, हात दुखतोय," धाकटी हळूच म्हणाली. पट्टा तसाच आवळलेला राहिला होता.

दुसऱ्या दिवशी साहेब नऊ वाजताच आले. फाटकाशी मास्तर कागदाची सुरळी घेऊन उभे होते. नव्या तिमाहीचं लक्ष्य पन्नास झाल्याचं त्यांना कुठून तरी कळलं होतं. सिस्टर त्यांच्याकडे न बघता आत गेल्या आणि त्यांनी पेन मागितलं. टाइपिस्टनं कागद पुढे केला, सहीची जागा दाखवली.

"आजची तारीख नको," तो अदबीनं म्हणाला. "जबाब कालचाच टाइप झालाय. कालची टाका."

सिस्टरांनी कालची टाकली.